विकत घेतलेली शपथ : लाँ शहर, १११२

ईस्टरच्या तोंडावर लाँ शहरात फ्रान्सच्या राजासमोर दोन बोली आल्या. शहरातल्या व्यापारी-कारागिरांनी ४०० लिव्र (तिथलं चलन) देऊ केले आणि शहराच्या बिशपने ७००. साल १११२. व्यवहार होता एका शपथेचा: शहरवाल्यांना ती टिकवायची होती, बिशपला मोडायची. तीच शपथ राजाने याआधी एकदा पैसे घेऊन मान्यही केली होती. सरशी ७०० वाल्याची झाली. पुढच्या गुरुवारी बिशप एका तळघरात, पिंपात लपलेला सापडला. त्याला केसांना धरून बाहेर ओढलं आणि कुऱ्हाडीने मारलं.

युरोपातल्या शहरांनी सरंजामदारांच्या हातून स्वराज्य कसं मिळवलं, हे सांगताना लाँचं उदाहरण हमखास येतं, आणि बहुतेक वेळा ‘जनतेचा उठाव’ या मथळ्याखाली येतं. मला हे प्रकरण त्या मथळ्यात नीट बसत नाही. लाँच्या लोकांना धनी नको होता असं दिसत नाही. त्यांनी रोख मोजून एक करार विकत घेतला होता. ज्यांनी तो विकला, त्यांनीच तो मोडला, आणि मोडण्याचा खर्चही विकत घेणाऱ्यांच्याच माथी मारायला निघाले. भडका उडाला तो या शेवटच्या पायरीवर. उठावाची गोष्ट म्हणून वाचलं की राजा आणि बिशप नुसते खलनायक होतात आणि पैशाचा हिशेब निसटतो. इथे तर सगळा हिशेबच आहे.

डोंगरावरचं शहर

लाँ पॅरिसच्या ईशान्येला आहे. सपाट मैदानातून शंभरेक मीटर उंच उठलेल्या एका लांबट टेकडीवर गाव वसलेलं. दहाव्या शतकात शेवटचे कॅरोलिंजियन राजे इथे राहत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला राजाची टांकसाळ आणि त्याचा कारभारी इथे होता, पण शहराचा धनी मात्र बिशप. कर त्याचे, न्याय त्याचा, किल्लेदार त्याचे मांडलिक.

शहरात सगळे एका दर्जाचे नव्हते. सरदार होते, कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, कॅनन म्हणजे तिथले धर्मगुरू होते, आणि त्यांच्याखाली धान्य, दारू, कातडं, कापड यांत पैसा कमावणारी माणसं होती. गंमत अशी की यांतले बरेच जण पैशाने श्रीमंत आणि कायद्याने कुळं होते. कुणी बिशपचं, कुणी एखाद्या मठाचं, कुणी सरदाराचं. अशा माणसाला डोईपट्टी भरावी लागे. धन्याच्या मनात येईल तेव्हा, येईल तितकी वर्गणी द्यावी लागे. दुसऱ्या धन्याच्या कुळातली मुलगी करायची तर परवानगी आणि दंड. तो मेला की त्याच्या मालमत्तेवर धन्याचा हात पडे. या शेवटच्या हक्काचं नावच ‘मेलेला हात’ असं होतं. दुकान चांगलं चालतंय, पण ते मुलाला मिळेलच याची खात्री नाही, अशा माणसाला ‘उद्या किती द्यावं लागेल’ हा आकडा कळणं हीच मोठी चैन वाटत असणार.

शहरवासी काही साधे भोळे नव्हते. शनिवारी खेड्यांतले शेतकरी बाजाराला येत. एखादा शहरी माणूस धान्य विकायचंय म्हणून गिऱ्हाइकाला घरी नेई, मोठी पेटी उघडून दाखवी, शेतकरी आत वाकून दाणा पाहू लागला की मागून ढकलून झाकण लावी. सुटकेचे पैसे कबूल केल्याशिवाय झाकण उघडत नसे. राजाचे नोकर घोडे पाण्यावर न्यायला आले तर त्यांनाही मारून घोडे पळवत. हे सगळं गिबेरने लिहून ठेवलंय.

गिबेर जवळच्या नोजाँ मठाचा प्रमुख, म्हणजे या प्रकरणाचा आपला मुख्य साक्षीदार. १११५ च्या सुमारास त्याने लॅटिनमध्ये आत्मकथन लिहिलं आणि त्याचा मोठा भाग लाँच्या या हकिकतीला दिला. माणूस चौकस, तिखट, थोडा विकृत मजा घेणारा, आणि शहरी शपथसंघांचा कट्टर विरोधक. अशा संघाला ‘कम्यून’ म्हणत. हा शब्द लिहिताना त्याने त्याला ‘नवं आणि अत्यंत वाईट नाव’ म्हटलंय. पण या द्वेषाचा आपल्याला एक फायदा होतो. कम्यून म्हणजे नेमकं काय, हे त्याने अगदी कोरडेपणाने सांगितलंय: कुळांनी नेहमीचं देणं वर्षातून एकदाच द्यायचं. गुन्हा घडला तर कायद्याने ठरलेला दंड भरायचा. बाकीच्या सगळ्या वसुल्या बंद. बस. विरोधकाच्या तोंडून आलेली ही व्याख्या मी सगळ्यात भरवशाची मानतो. यात ना बिशपला हाकलायचं आहे, ना सरदारांची जमीन वाटून घ्यायची आहे.

गोद्री

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोप सातव्या ग्रेगरीच्या काळापासून रोमने एक मोहीम उघडली होती: राजांनी बिशप नेमायचे नाहीत, धर्मपदं विकायची नाहीत. कागदावर ही चळवळ जोरात होती. लाँमध्ये तिचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

बिशपची गादी दोन वर्षं रिकामी होती. अखेर ११०६ मध्ये निवड झाली ती गोद्रीची, पुढे पिंपात सापडलेल्या त्याच बिशपची. हा इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा चॅन्सलर, म्हणजे दफ्तरप्रमुख. धर्मदीक्षा जवळजवळ नाहीच, ती घाईघाईने उरकून घेतली. त्याच वर्षी तँशब्रेच्या लढाईत हेन्रीचा भाऊ, नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट, याला पकडणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. बोलणं सतत शिकारी कुत्र्यांचं, ससाण्यांचं, लढायांचं. कॅथेड्रलच्या शाळेचा आन्सेल्म त्या काळचा नावाजलेला शिक्षक होता. या निवडीला उघड विरोध करणारा तोच. ११०७ मध्ये पोप दुसरा पास्काल लाँग्र या दुसऱ्या शहरी आला असताना तिथे चौकशी झाली. पोपच्या दरबाऱ्यांना पैसे पोचले होते. गिबेर तिथे हजर होता, पोपशी लॅटिनमध्ये बोलला, आणि त्याने विरोध केला नाही. पुढे गोद्रीवर त्याने जी आग पाखडली, तिच्यामागे हीही एक टोचणी असावी असं मला वाटतं.

बिशपचा अभिषेक झाला की शुभवर्तमानाचं पान उघडून शकुन पाहायची चाल होती. गोद्रीच्या वेळी ओळ निघाली ती मरियेच्या जिवातून तलवार आरपार जाईल ही. अर्थात गिबेरने हे सगळं घडून गेल्यावर लिहिलंय. शकुन नंतर आठवले की जास्त खरे ठरतात.

मग दोन गुन्हे. १११० च्या जानेवारीत केर्झीचा जेरार नावाचा सरदार कॅथेड्रलमध्ये प्रार्थना करत असताना मारला गेला. मारेकऱ्यांत बिशपचा भाऊ होता, कॅथेड्रलचे दोन आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे धर्माधिकारी, कटात होते. बिशप स्वतः तेव्हा सोयीस्करपणे रोमला. राजाच्या कारभाऱ्याने शहरवासीयांना घेऊन कटवाल्यांची घरं जाळली. गोद्री परतला आणि त्याने धर्मबहिष्कार घातला. कुणावर? ज्यांनी घरं जाळली त्यांच्यावर. खुन्यांवर नाही.

दुसरा गुन्हा शहरातल्याच, जेरार याच नावाच्या एका माणसाशी. तो तोमा द मार्ल या शेजारच्या दांडग्या सरदाराच्या बाजूचा आहे असा बिशपला संशय आला. वाड्यात कोंडून रात्री त्याचे डोळे काढवले. हे काम केलं बिशपच्या आफ्रिकी गुलामाने. जॉन त्याचं नाव. पोपने गोद्रीला काही काळ पदावरून दूर केलं. गोद्री रोमला गेला, पैसे देऊन मोकळा झाला, परत आला.

बिशपच्या दरबारात कुठल्याही गोष्टीचा भाव असतो, एवढं लाँच्या दुकानदारांना यावरून नक्की कळलं असणार.

शपथेचा भाव

गोद्रीला पैसे पुरत नसत. एकदा तो जुन्या धन्याकडे, इंग्लंडच्या हेन्रीकडे, मागायला गेला. तो बाहेर असताना आर्चडीकन आणि सरदारांनाही पैसे हवे होते. त्यांनी शहरवासीयांना सुचवलं की रक्कम द्या, कम्यून करू देतो. म्हणजे शहरवाल्यांनी हा हक्क लढून मागितला नाही. धन्याच्या माणसांनीच तो बाजारात आणला.

कल्पना नवी नव्हती. काँब्रेला १०७७ मध्ये अशी शपथ झाली होती आणि मोडली गेली होती. बोव्हेला ती होती. लाँपासून फार लांब नसलेल्या न्वायोंमध्ये तर ११०८ च्या सुमारास तिथल्या बिशपने, बोद्रीने, स्वतः होऊन कम्यून दिलं. तिथे रक्त सांडलं नाही. दोन शेजारचे बिशप, दोन-तीन वर्षांचं अंतर, मागणी तीच. लाँचा विचार करताना न्वायों मी नेहमी शेजारी ठेवतो, कारण मग ‘काळच तसा होता’ असं म्हणायची सोय राहत नाही.

शपथ झाली. शहरातल्या लोकांनी एकमेकांना साहाय्य करायचं वचन घेतलं. ‘कम्यून’ची खरी नवलाई इथे होती. त्या जगात शपथ सहसा खालून वर जाई. माणूस धन्यापुढे गुडघे टेकून निष्ठा वाही. इथे चांभाराने वाण्याला आणि वाण्याने खानावळवाल्याला, बरोबरीच्या नात्याने, शपथ दिली. गिबेर चिडतो तो रकमेवर नव्हे, या आडव्या शपथेवर.

गोद्री परतला तेव्हा संतापला, शहराबाहेर थांबून राहिला. मग त्याला सोनं-चांदी देऊ केली आणि तो निवळला. त्याने न्वायोंच्या धर्तीवर कम्यून पाळण्याची शपथ घेतली. सहाव्या लुईनेही पैसे घेऊन शपथेला मान्यता दिली. म्हणजे लाँवाल्यांनी तीन वेळा मोजले: सरदार-आर्चडीकनना, बिशपला, राजाला.

आता ठरावीक देणं बांधलं गेलं, तर वाढीव पैसा आणायचा कुठून? गोद्रीने नाण्यात हात घातला. टांकसाळवाल्यांनी चांदी इतकी उतरवली की लोक लाँचं नाणं हातात घेईनात. मग बिशपचा धर्मदंड कोरलेली नवी नाणी आली, तीही तशीच हिणकस. बाजारावर जगणाऱ्या शहरात खोटं नाणं हा प्रत्येकाच्या गल्ल्यावरचा करच होता. माझ्या मते कम्यूनच्या पहिल्या वर्षात वातावरण बिघडवण्याचं निम्मं काम या नाण्यांनी केलं, पण त्यावर फार लिहिलं जात नाही.

मग तो ईस्टर. गोद्रीने राजाला बोलावून घेतलं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बिशपने पवित्र तेलाला आशीर्वाद द्यायचा, लोकांना पापमुक्ती द्यायची असा नियम. त्या गुरुवारी तो कॅथेड्रलमध्ये फिरकलाच नाही, सौद्यात गुंतला होता. ४०० आणि ७०० च्या बोली झाल्या, राजाने कम्यून रद्द केलं. बिशपने आपल्याला आणि राजाला शपथेतून मोकळं केलं. रात्री राजाला बाहेर झोपवेना. तो बिशपच्या वाड्यात राहिला आणि पहाटे निघून गेला.

शहरात चांभार-मोच्यांनी दुकानं बंद केली, खानावळवाल्यांनी काही विकायला काढलं नाही. आधुनिक डोळ्यांना हा हरताळ वाटेल. मला त्यात भीतीही दिसते. पैसा कुठून काढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोद्री आणि सरदारांनी माहिती काढली की कोणाकडे किती आहे, आणि ठरवलं की कम्यून करायला ज्याने जितके दिले तितकेच मोडायला द्यायचे. राजाला कबूल केलेले ७०० लिव्र, ४०० देऊ करणाऱ्यांच्याच खिशातून.

गुरुवार, २५ एप्रिल

चाळीस माणसांनी बिशपला मारायची शपथ घेतली. पुन्हा शपथच. आन्सेल्मच्या कानावर आलं आणि त्याने, निवडीला विरोध करणाऱ्या त्या म्हाताऱ्या मास्तराने, बिशपला सावध केलं. गोद्री म्हणाला, असल्यांच्या हातून मी मरणार? गिबेर त्याचं आणखी एक बोलणं नोंदवतो. माझा जॉन त्यांच्यातल्या सगळ्यात दांडग्याचं नाक ओढील तरी तो हूं की चूं करणार नाही, अशा अर्थाचं. तरी ईस्टरच्या मिरवणुकीत त्याने आपल्या माणसांना कपड्यांखाली तलवारी घ्यायला लावल्या होत्या, आणि खेड्यांतली आपली कुळं पहाऱ्याला आणली होती. काही झालं नाही म्हणून त्यांना परत धाडलं. दोन दिवसांनी ती हवी होती.

गुरुवारी दुपारी तो एका आर्चडीकनशी वसुलीचं बोलत बसला होता, तोच शहरात ‘कम्यून! कम्यून!’ असा ओरडा उठला. तलवारी, कुऱ्हाडी, धनुष्यं, सोटे घेतलेले लोक कॅथेड्रलमधूनच वाड्याच्या आवारात घुसले. मदतीला धावलेले सरदार एकेक करून पडले. बिशपच्या माणसांनी थोडा वेळ दगड-बाण चालवले, मग त्याने एका नोकराचे कपडे चढवले आणि तळघरातल्या एका पिंपात शिरला.

त्याला शोधून काढणाऱ्याचं नाव तेउदेगो. हा सँ-वँसाँ मठाचं कूळ, पुलावर जकात वसूल करणारा, चेहऱ्याने लांडग्यासारखा. गोद्री त्याला चेष्टेने ‘इझंग्रिन’ म्हणे. लोककथेतल्या लांडग्याचं हे नाव. पिंपावर फटका मारून तेउदेगोने विचारलं, आत कोण? आतून आवाज आला, एक कैदी. तेउदेगो म्हणाला, मग काय, इझंग्रिन महाराज इथे लपलेत होय? टोपणनाव ठेवणाऱ्यालाच त्याने ते परत केलं. गोद्रीने बाहेर आल्यावर पैसे देऊ केले, बिशपपद सोडून मुलूख सोडून जाण्याची शपथ घ्यायची तयारी दाखवली. ऐकणारं कुणी नव्हतं. बर्नार नावाच्या माणसाने दुधारी कुऱ्हाड घातली. तेउदेगोने अंगठीसाठी त्याचं बोट कापलं.

प्रेत उघडंच एका कोपऱ्यात पडलं, येणारे-जाणारे चिखल-दगड मारत होते. दुसऱ्या दिवशी ते उचलून सँ-वँसाँला पुरण्याची व्यवस्था आन्सेल्मने केली. दरम्यान खजिनदाराच्या घराला लागलेली आग कॅथेड्रलला पोचली होती.

नंतरचं

विजय मिळाल्यावर काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. राजाच्या सुडाला घाबरून लोकांनी तोमा द मार्लकडे आसरा मागितला. हा माणूस कैद्यांचे हाल करण्यासाठी कुप्रसिद्ध. शहर राखणं मला झेपणार नाही, माझ्या मुलखात या, असं तो म्हणाला आणि बरेच गेले. रिकाम्या लाँवर आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी तुटून पडले, घरं धुऊन काढली. धान्याच्या पेटीत कोंडले गेलेले काही जण त्यांत नसतील असं मानणं मला जड जातं. १११४ मध्ये धर्मसभेने तोमावर बहिष्कार घातला, १११५ मध्ये राजाने त्याचे किल्ले घेतले. ७०० लिव्र घेणारा राजा आता चर्चचा तारणहार म्हणून चाल करून गेला होता.

कॅथेड्रल दुरुस्त करायला पैसे हवे होते. कॅननांनी मरियेचे पवित्र अवशेष पेटीत घालून वर्गणीची यात्रा काढली, आधी फ्रान्समध्ये आणि १११३ मध्ये इंग्लंडात. गोद्रीही पैसे मागायला इंग्लंडलाच गेला होता. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनला एका वाळल्या हाताच्या माणसाने ‘राजा आर्थर अजून जिवंत आहे’ असं छातीठोक सांगितलं, त्यावरून मारामारी झाली. आर्थरच्या कथेच्या अभ्यासकांना लाँ ठाऊक असतं ते एवढ्यासाठी. १११४ मध्ये इमारत पुन्हा पवित्र करून घेतली. आज टेकडीवर दिसतं ते, मनोऱ्यांतून बैल डोकावणारं गॉथिक कॅथेड्रल त्यानंतरचं, शतकाच्या मध्यापासून बांधलेलं.

नवा बिशप बार्तेलेमी १११३ मध्ये आला आणि ११५१ पर्यंत टिकला. त्याच्याच आश्रयाने नॉर्बेर या फिरत्या प्रवचनकाराने ११२० मध्ये प्रेमाँत्रेच्या दरीत नवा पंथ वसवला. पैसे देऊन पद घेणाऱ्या बिशपच्या गादीवर तेरा वर्षांच्या आत सुधारणावादी चळवळीचा पाठीराखा बसला होता. ग्रेगरीच्या मोहिमेचा असर लाँमध्ये उशिरा दिसला, पण दिसला.

आणि ११२८ मध्ये सहाव्या लुईने लाँला सनद दिली. त्यात न्यायाधीशाशिवाय कुणाला, स्वतंत्र असो वा कूळ, पकडायचं नाही. डोईपट्टीवाल्याने धन्याला डोईपट्टीच द्यायची. वर्गणी देणाऱ्याने ठरल्या मुदतीला चार दनिए द्यायचे, जास्त नाही. एका लिव्रचे २४० दनिए होत. ‘मेलेला हात’ पूर्ण बंद. शहराला प्रमुख आणि शपथबद्ध पंच. बदल्यात राजाला वर्षातून तीनदा मुक्कामाची सोय किंवा २० लिव्र. जुने अपराध माफ, १३ माणसं वगळून. गिबेरच्या त्या कोरड्या व्याख्येपेक्षा हे जास्तच भरतं. फक्त ‘कम्यून’ हा शब्द सनदेत टाळला. तिला ‘शांततेची व्यवस्था’ म्हटलं. बिशपच्या खुनाशी चिकटलेलं नाव राजाला कागदावर नको होतं.

ती शांतता टेकडीखालच्या खेड्यांनाही हवीशी वाटली. ११७४ मध्ये सातव्या लुईने खेड्यांच्या एका समूहाला लाँच्याच धर्तीवर सनद दिली. ११७७ मध्ये त्या वेळच्या बिशपने सरदारांना गोळा करून शेतकऱ्यांची फौज कापून काढली, आणि ११९० मध्ये फिलिप ऑगस्टने सनद रद्द केली. लाँची शिल्लक राहिली. तीही १३३१ मध्ये सहाव्या फिलिपने मोडली. त्या हुकुमात यापुढे लाँमध्ये काय नसेल याची यादी आहे: प्रमुख नाही, पंच नाहीत, सामाईक तिजोरी नाही, घंटाघर नाही, घंटा नाही, शिक्का नाही. यादीत सगळ्यांत पहिला शब्द आहे, कम्यून.